नऊ नंबरचे दोन जोड

आमच्या दुधाच्या कारखान्यात शिरायचं तर आधी माझ्या तावडीतून सुटावं लागतं. मी बूटघर सांभाळते. फाटकातून आलं की पहिली खोली माझी, आणि खोलीच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, गुडघाभर उंचीचा सिमेंटचा ओटा. ओट्याच्या अलीकडे चपला, काळे गमबूट, धूळ, चिखल आणि चकाट्या. पलीकडे पांढरे गमबूट आणि दूध. माणसानं ओट्यावर बसायचं, पायातलं काढायचं, पाय उचलून पलीकडे फिरवायचे आणि मी दिलेले पांढरे बूट घालूनच फरशीला पाय लावायचा. काळा बूट आत येत नाही, पांढरा बाहेर जात नाही. एकदा आमचे साहेब फोनवर बोलत बोलत तसेच ओटा ओलांडून गेले, तर मी फडकं घेऊन त्यांच्या मागे गेले आणि त्यांना परत आणून ओट्यावर बसवलं. ही गोष्ट ते आता सगळ्यांना हसून सांगतात. त्या दिवशी हसले नव्हते.

साहेबांनी प्रत्येक विभागाच्या दाराशी एक फळा लावलाय. कुणाची चूक झाली की ज्याची त्यानं खडूनं लिहायची, तारीख आणि कारणासकट, आणि महिनाभर ती तिथे राहते. लोणी विभागाचा फळा म्हणजे वर्तमानपत्र आहे, लोक चहाच्या सुट्टीत वाचायला जातात. माझा फळा बावीस वर्षं कोरा होता. तरी मी तो रोज ओल्या फडक्यानं पुसायचे. माणसाला कशाचा तरी गर्व असतो, मला त्या फळ्याचा होता.

या बुटांना माणसं काय काय म्हणतात ते ऐकण्यासारखं आहे. भिंतीवरच्या पाटीवर लिहिलंय, 'जलरोधक रबरी पादत्राणे परिधान केल्याशिवाय प्रवेश नाही.' हे शब्द बावीस वर्षांत कुणाच्या तोंडून बाहेर पडलेले नाहीत. सगळे गमबूटच म्हणतात. लॅबवाली, म्हणजे दूध तपासणारी माझी मैत्रीण, जरा शिकलेली, ती 'रबरी बूट' म्हणते. धुलाईच्या बायका नुसतं 'पांढरे' म्हणतात. "मावशी, माझे पांढरे अजून ओले आहेत." माझ्या धाकट्या भावाची मुलगी सहा वर्षांची आहे, ती त्यांना बदकं म्हणते. ओल्या फरशीवर ते जो काही आवाज करतात त्यावरून तिनं ते ठरवलंय. आणि आमच्याकडे रोज येणारे एक टँकरवाले त्यांना होड्या म्हणायचे. "बाई, माझ्या होड्या कुठे सोडू?"

आता टँकरवाल्यांबद्दल सांगायला हवं. सहा वर्षं ते रोज साडेअकराला दुधाचा टँकर घेऊन यायचे. टँकर रिकामा व्हायला चाळीस मिनिटं लागतात. पायात काळे गमबूट, त्यामुळे आत यायची सोय नाही. मग ते ओट्यावर आपल्या बाजूला पाय सोडून बसायचे आणि मी माझ्या बाजूला पाय सोडून बूट पुसत बसायचे. म्हणजे पाठीला पाठ. सहा वर्षांत मी त्यांचा आवाज भरपूर ऐकला, चेहरा मात्र येता-जाताच पाहिला. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन आपल्या घरी होती. माझं लग्न राहूनच गेलं. आईवडील लवकर गेले, भावाला मोठं करता करता माझे दिवस निघून गेले आणि मागे वळून पाहिलं तेव्हा मी सगळ्या कारखान्याची मावशी झाले होते. साठीला आलेला पहारेकरीसुद्धा मला मावशी म्हणतो. टँकरवाले तेवढे बाई म्हणायचे. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी कुणाला बोलले नव्हते.

एक दिवस पाठीमागून आवाज आला, "बाई, पुढच्या महिन्यापासून आमचा टँकर दुसऱ्या कारखान्याला लावणार आहेत."

"कुठल्या?"

"लांब आहे. इकडे येणं होणार नाही."

मी ज्या बुटाला फडकं मारत होते त्यालाच परत मारायला लागले.

"तुमच्याकडे धुलाईत एक जागा रिकामी आहे म्हणे," ते म्हणाले. "मी अर्ज केलाय."

"चाकावरचा माणूस टाक्या घासणार?"

"टँकर तरी आतून कोण घासतं? मीच की." मग ते म्हणाले, "बाई, मी आत आलो तर तुम्हाला आवडेल का?"

यावर कुठलीही शहाणी बाई हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. मी म्हणाले, "माप काय?"

"कशाचं?"

"बुटाचं."

पाठीमागे काळ्या बुटाची टाच दोनदा ओट्यावर आपटली. मग ते म्हणाले, "नऊ," आणि टँकर रिकामा झाला म्हणून उठून गेले.

त्या दिवशी घरी मी भाजीत दोनदा मीठ घातलं. भाऊ मुकाट्यानं जेवला, भावजय म्हणाली, "वन्सं, काय बिनसलंय?" आणि भाची म्हणाली, "आत्या, तू एकटीच का बोलतेयस?" मी एकटीच बोलत होते हे खरं होतं. एवढी तोंडाळ बाई मी, साहेबांना परत आणून बसवणारी, आणि एका साध्या प्रश्नाला मी माप विचारलं होतं. माझाच मला संताप आला होता.

साहेबांनी टँकरवाल्यांना एक दिवस काम करून दाखवायला बोलावलं. नेमके त्याच दिवशी मुख्य कार्यालयाचे तपासनीस येणार होते. वर्षातून दोनदा येतात. कारखानाभर फिरतात, आणि धुलाईत नवीन माणूस घ्यायचा तर तो ओल्या फरशीवर कसा वावरतो ते स्वतः बघून सही करतात. त्यांची सही नाही तर जागा नाही, आणि जागा नाही तर टँकरवाले पहिल्या तारखेला लांबच्या कारखान्याला. सगळं त्या एका दिवसावर आलं होतं.

नवीन बूट येतात तेव्हा डावा-उजवा एका दोरीनं बांधलेले असतात. त्याबद्दल माझा एक नियम आहे. एका जोडाची दोरी कापायची, बूट धुवायचे, कोरडे करायचे, आतल्या कडेला पक्क्या शाईनं खुंटीचा नंबर घालायचा, खुंटीवर उलटे टांगायचे, आणि मगच दुसऱ्या जोडाच्या दोरीला कात्री लावायची. त्या दिवशी दोन नवीन जोड काढायचे होते. एक टँकरवाल्यांसाठी, एक पाहुण्यांसाठी, कारण तपासनिसांचे जुने बूट तडकले होते. दोघांचंही माप नऊ.

इथे मी चुकले. तेव्हा मला कळलं नाही, पण तुम्हाला आताच सांगून टाकते. टँकरवाले वेळेच्या अर्धा तास आधी आले. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, पायात चपला. सहा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा चपलांत पाहिलं. "लवकर आलो का?" असं त्यांनी विचारलं आणि मी "छे, छे" म्हणता म्हणता दोन्ही दोऱ्या एकदम कापल्या. चारी बूट एकाच घमेल्यात धुतले. हाताला लागतील ते दोन उचलून आत 'एक्केचाळीस' लिहिलं, उरलेल्या दोनांत 'पाहुणा' लिहिलं. लिहिताना मी बुटांकडे बघतच नव्हते.

टँकरवाले ओट्यावर बसले, आणि पहिल्यांदाच पाय उचलून माझ्या बाजूला फिरवले. एरवी कुणी बूट घालत असलं की मी समोर उभी राहून बघते, पायमोजा दुमडला तरी टोकते. तेव्हा मात्र मी पाठ फिरवली आणि उगाच खुंट्या मोजल्या. एक्कावन्न वर्षांची बाई, पण लाजले, सांगायला काय हरकत आहे.

मागे एक बूट चढल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

"घट्ट होतायत का?" मी भिंतीला विचारलं.

"नाही, नाही. झकास आहेत," ते म्हणाले आणि आत गेले.

तेवढ्यात साहेब तपासनिसांना घेऊन आलेच. तपासनीस म्हणजे काडीसारखा माणूस आणि काखेत फाइल. दर वेळी ओट्यावर बसले की आधी आपल्या पायाच्या भोवरीची हकिगत सांगतात. साहेबांनी घाईत स्वतःच 'पाहुणा' लिहिलेले बूट खुंटीवरून काढून त्यांच्या पायाशी ठेवले. तपासनिसांनी ते चढवले, उभे राहिले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "आज भोवरी फार त्रास देणार असं दिसतंय."

माझ्या खोलीला एक काचेची खिडकी आहे, तिच्यातून धुलाई विभाग दिसतो. मी काम सोडून तिथेच उभी राहिले. टँकरवाले टाकीत वाकून असे घासत होते की त्यात तोंड दिसावं. हात एकदम सराईत. पण चालायला लागले की काहीतरी बिनसायचं. उजवा पाय बाहेरच्या बाजूला टाकत, फरशी तापल्यासारखा चटकन उचलत होते. मी म्हटलं, घाबरलेत. त्यांच्यामागून तपासनीस चालले होते, ते डावा पाय तसाच टाकत होते. म्हटलं, भोवरी. एरवी तीन तास फिरणारा हा माणूस त्या दिवशी दीड तासात सगळा कारखाना उरकून मोकळा झाला. लोणी विभागात तर डोकावलासुद्धा नाही. लोणीवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

लॅबवाली खिडकीशी येऊन म्हणाली, "मावशी, आज सगळी मंडळी वाकडी का चालतायत?"

"नवीन बूट आहेत," मी म्हणाले. "सुरुवातीला कडक असतात." हे मी मान ताठ करून सांगितलं, ते आठवलं की अजून कान गरम होतात.

तपासनीस आधी बाहेर पडले आणि समोरच्या साहेबांच्या खोलीत गेले. मागोमाग टँकरवाले आले. बसले, बूट काढले आणि स्वतःच उठून ते खुंटीवर अडकवायला लागले. "असू द्या बाई, मी धुतो," म्हणाले.

"इथले बूट मी धुते," मी म्हणाले. त्यांनी नाइलाजानं हात सोडला, चपला घातल्या आणि लंगडत साहेबांच्या खोलीकडे गेले.

मी बूट हातात घेतले. या हातांना बूट ओळखायला डोळे लागत नाहीत. अंगठा आतल्या वळणावरून फिरला आणि तिथेच थांबला. मी दुसरा बूट चाचपला. मग दोन्ही उजेडात धरले. डावा आणि डावा. मी 'पाहुणा' उतरवले. उजवा आणि उजवा. मी चारी बूट ओट्यावर ओळीनं मांडून परत बघितले.

पहिल्यांदा मनात फळा आला, खोटं कशाला बोलू. पण लगेच दुसरं काहीतरी आलं आणि फळा कुठल्या कुठे गेला. टँकरवाल्यांना कळलं होतं. पहिला बूट चढल्यावर जी शांतता झाली होती, तेव्हाच कळलं होतं. नुसतं "बाई, हे बदला" म्हणायचं होतं, पण साहेब आणि तपासनीस येण्यातच होते आणि माझा कोरा फळा दाराबाहेर होता. सहा वर्षं त्यांनी तो जाता-येता पाहिला होता. म्हणून तो माणूस उजव्या पायात डावा बूट घालून दीड तास टाक्या घासत राहिला, तेही आपल्या परीक्षेच्या दिवशी. मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, दोन्ही एकदम, आणि कुठलं आधी पुसावं ते कळेना.

तेवढ्यात लॅबवाली धावत आली. "मावशी, टँकरवाले गेले कामातून. तपासनीस लिहितायत की पायात दोष आहे, ओल्या फरशीवर पडेल, घेऊ नये. साहेबांनी विचारलं पायाला काय झालंय, तर म्हणतात जुनं दुखणं आहे."

"जुनं दुखणं?" मी म्हणाले. "सहा वर्षांत त्या माणसाला साधी शिंक आलेली मी ऐकली नाही."

चारी बूट काखोटीला मारून मी निघाले. साहेबांची खोली अंगणापलीकडे आहे. अर्ध्या अंगणात गेल्यावर पहारेकरी खुर्चीतून उठून उभा राहिला आणि माझ्या पायांकडे बघत राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पांढरे बूट घालूनच ओटा ओलांडून बाहेर आले होते. "बघतोस काय," मी म्हणाले, "दार उघड." त्यानं उघडलं.

आत साहेब टेबलामागे, तपासनीस लिहितायत, टँकरवाले भिंतीशी उभे. मी एकेक बूट टेबलावर ठेवत गेले. "हा डावा. हाही डावा. हा उजवा. आणि हा उजवा. दोन डावे यांच्या पायात होते, दोन उजवे तुमच्या. यांच्या पायांना काही झालेलं नाही. चूक माझी आहे."

"बाई, अहो, राहू द्या," टँकरवाले हळूच म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले. "तुमचं जुनं दुखणं नंतर बघते."

तपासनिसांनी टेबलाखाली वाकून आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. "म्हणजे माझी भोवरी..."

"भोवरी तुमची आहेच. आजच्या कळा तेवढ्या मी दिल्या."

साहेब बुटांकडे बघत होते, मग माझ्या पायांतल्या पांढऱ्या बुटांकडे, मग माझ्याकडे. "मावशी, बावीस वर्षांत जे झालं नाही ते आज कसं झालं?"

"दोन दोऱ्या एकदम कापल्या."

"का पण?"

"लक्ष नव्हतं."

"मग कुठे होतं?" साहेबांना एकामागून एक प्रश्न विचारायची खोड आहे.

मी काहीही सांगू शकले असते. डोकं दुखत होतं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण एक माणूस माझ्यासाठी खोटं बोलून भिंतीशी उभा होता, आणि त्याचा एक प्रश्न माझ्याकडे तीन आठवडे पडून होता.

"यांच्याकडे होतं," मी म्हणाले. मग मी टँकरवाल्यांकडे वळले. एवढा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे मी कधीच पाहिलं नव्हतं. चांगला आहे चेहरा. "तुम्ही विचारलं होतंत, तुम्ही आत आलात तर मला आवडेल का. आवडेल. मला फार आवडेल."

टँकरवाल्यांचे कान लाल झाले आणि ते एकदा माझ्याकडे, एकदा बुटांकडे बघत राहिले. शेवटी तपासनीस घसा साफ करून म्हणाले, "हे अहवालात कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळत नाही."

साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मग मी एक डावा आणि एक उजवा वेगळा काढला, नीट बघून, आणि टँकरवाल्यांच्या पायाशी ठेवला. पहारेकऱ्यानं साहेबांच्या ओसरीवर बादलीभर पाणी ओतलं. टँकरवाले त्या ओल्या फरशीवरून टोकापर्यंत गेले आणि परत आले. सरळ, ठाम, हात मोकळे सोडून. दारात धुलाईच्या बायका जमल्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, "अजून एकदा चालून दाखवा की." तर ते खरंच अजून एकदा गेले. तपासनिसांनी आधीचं पान फाडलं, नवीन पानावर 'जलरोधक रबरी पादत्राणांची अदलाबदल, कर्मचारी सक्षम' असं लिहिलं, सही केली आणि फाइल काखेत मारली.

"मावशी," साहेब डोळे पुसत म्हणाले, "फळा."

मी गेले आणि खडू घेतला. 'नऊ नंबरच्या गमबुटांचे दोन जोड उलटसुलट दिले. पांढरे बूट घालून अंगणात गेले.' खाली तारीख. कारणाच्या जागी काय लिहावं याचा मी जरा विचार केला, तर लॅबवाली मागून म्हणाली, "ते आम्हाला माहीत आहे, जागा वाया घालवू नका." मग ती जागा मी तशीच सोडली. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत लोणी विभागाचा फळा वाचायला कुणीही गेलं नाही.

घरी भाचीला सगळं सांगितलं. भावजय हातातलं काम टाकून ऐकत होती, भाऊ पेपर तोंडासमोर धरून ऐकत होता. भाची म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडे दोन आईबदकं आली आणि त्या काडीवाल्या काकांकडे दोन बाबाबदकं?" मी म्हणाले, तसंच काहीसं. "मग तू त्यांच्या जोड्या लावल्यास?" मी म्हणाले, हो, लावल्या. भावानं पेपर खाली घेतला आणि म्हणाला, "ताई, त्यांना रविवारी घरी बोलव." भाजी त्या दिवशी अळणी झाली होती, पण कुणी तक्रार केली नाही.

नियमाप्रमाणे महिन्यानं फळा पुसायचा होता. साहेबांनी दोनदा आठवण केली. मी आसपासचा भाग रोज पुसते, ते लिहिलेलं तेवढं सोडून. खडू फिका पडला की गिरवते.

टँकरवाल्यांना आता कारखान्यात कुणी टँकरवाले म्हणत नाही. सगळे काका म्हणतात. मी काय म्हणते ते इथे सांगणार नाही. रोज सकाळी ते ओट्यावर बसतात, पाय माझ्या बाजूला फिरवतात, खुंटीवरून एक्केचाळीस नंबरच्या होड्या काढतात, दोन हातांत दोन धरतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात, "बाई, यातला डावा कुठला?" धुलाईच्या बायका हसतात. मी सांगते, हा डावा, हा उजवा, आणि दोन्ही पाय नीट आत जाईपर्यंत समोर उभी राहून बघते. आता मी पाठ फिरवत नाही.